दुसरा भाग कुणाकडे आहे?

६ जानेवारी

आज सकाळी जाग आली ती एका आवाजाने. आवाज आजचा नव्हता, शाळेतला होता.

आमच्या शाळेत मुलांचा वर्ग आणि मुलींचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती. पलीकडे कविता चालली की आमचं गणित बुडायचं. मुली एकसुरात म्हणायच्या:

नदी म्हणाली डोंगराला,
निघते आता, येते मी;
तुझी सावली वाहून माझ्या
पाण्यासंगे नेते मी.

सगळा वर्ग ‘येते मी’वर थांबायचा आणि एकच आवाज थांबायला विसरायचा. ‘मीऽऽऽ’ करत तो एकटाच पुढे जायचा, वाट संपली तरी चालत राहिलेल्या माणसासारखा. मग पलीकडच्या मास्तरांची छडी टेबलावर आपटायची. “कोण ते शेपूट ओढतंय?” आणि हशा. माझी अक्का त्याच वर्गात. तिने घरी येऊन सांगितलं होतं की त्या मुलीचं नावच आता शेपटी पडलंय.

शेपटीला मी कधी पाहिलं नाही. मुलींचं दार मागच्या गल्लीत उघडायचं, आणि पुढच्याच वर्षी वडिलांच्या बदलीमुळे ती गाव सोडून गेली. खरं सांगायचं तर पाहायचा प्रयत्नही मी केला नाही. आवाजाला चेहरा चिकटवला की आवाज मरतो, असं मला तेव्हा वाटे. अजूनही वाटतं. अक्का म्हणते, म्हणूनच माझं लग्न राहून गेलं.

अक्का आली आहे, हे लिहायचंच राहिलं. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. तिच्या लेकीच्या गावी चांगला दवाखाना नाही म्हणून ती माझ्याकडे, म्हणजे आमच्या जुन्या घरी आली. मोठा काळा चष्मा लावून पलंगावर बसते आणि तिथून घर चालवते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वाचायला सक्त बंदी केली आहे. आजची कविता तीच गुणगुणत होती, म्हणून मला ती फळ्यांची भिंत आठवली.

८ जानेवारी

अक्काने उशाखालून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. “वाच.”

मला वाटलं, कवितांचं असेल. मुखपृष्ठावर एक बाई वाऱ्यात उभी होती. तिचे केस उडत होते. मागे किल्ला, त्याच्याही मागे घोडा.

“हे मी वाचू?”

“मग काय घोडा वाचणार?”

अक्काला या कादंबऱ्यांचं वेड आहे हे मला ठाऊक होतं, इतकं आहे हे नव्हतं. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची पुस्तकं असतात. एक ऐतिहासिक प्रणयाची, ज्यात तलवार असते. दुसरी प्रेरक प्रणयाची, ज्यात प्रार्थना असते. बाकीची सगळी परीक्षेची.

मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. ‘तिच्या पापण्यांवर सांज उतरली होती.’ मी थांबलो. “अक्का, सांज पापण्यांवर कशी उतरेल?”

“तुझ्या कवितेत नदी डोंगराशी बोलते ते चालतं. पुढे वाच, ढगोबा.”

ढगोबा हे माझं घरचं नाव. चौथीत असताना खिडकीबाहेर ढग बघत बसलो आणि पेपर कोरा दिला, तेव्हापासूनचं.

११ जानेवारी

नायक इतका सज्जन आहे की त्याला सर्दीसुद्धा होत नाही. नायिका साथीच्या रोग्यांची सेवा करते आणि दर प्रकरणाच्या शेवटी हात जोडते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे गावाला कळलं, रोग्यांना कळलं, घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला कळलं. फक्त त्या दोघांना कळत नाही. मी अक्काला म्हटलं, “इतका आंधळा माणूस जगात असतो का?”

अक्काने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, “असतो हो.”

१३ जानेवारी

फजिती. दुपारी अक्का झोपली होती, म्हणून पुस्तक सहज उघडून पाहिलं, घंटेवाला म्हातारा वाचतो की जातो एवढंच बघायला. मान वर केली तेव्हा अक्का पलंगावर उठून बसलेली आणि माझ्यापुढचा चहा थंडगार.

“निवला ना?” तिने विचारलं.

अक्काची ही मोजपट्टी आहे. पुस्तक चांगलं की वाईट हे चहा ठरवतो. वाचता वाचता चहा निवला तर पुस्तक एका कपाचं. नवीन करून आणलेलाही निवला तर दोन कपांचं. तिच्या लेकीच्या गावातल्या बायका तिला विचारतात म्हणे, “मावशी, हे किती कपांचं?” आणि तिच्या शब्दावर पुस्तकं नेतात.

“मला चहा गारच आवडतो,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

म्हातारा वाचला. लग्नात घंटा त्यानेच वाजवली.

१५ जानेवारी

वाचनालयात पुस्तक परत करायला गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे कवितेच्या कपाटापलीकडे गेलो नव्हतो. आता ग्रंथपालबाईंनी मला थेट शेवटच्या खोलीत नेलं. खिडकीखाली लांबच लांब फळी आणि तिच्यावर चिठ्ठी: ऐतिहासिक व प्रेरक प्रणय. फळीच्या मधोमध बाक आला आहे, आणि पुस्तकांचे कोपरे कुरतडल्यासारखे झिजले आहेत. कवितेचं कपाट मात्र अजून नवं कोरं दिसतं. मला वाईट वाटलं, पण कुणाबद्दल ते नीट कळेना.

या वाचनालयाची एक जुनी शिस्त आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवलेला असतो. अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक परत घेत नाहीत. मी लिहिलं: “नायक सज्जन, नायिका सज्जन, वारासुद्धा सज्जनपणे वाहतो. तरी एक कप निवला, हे कबूल करणे भाग आहे.”

ग्रंथपालबाईंनी वाचलं आणि हसू दाबलं. “काका, कप म्हणजे?”

मी अक्काची मोजपट्टी समजावून सांगितली. त्यांनी लगेच ती दुसऱ्या एका सभासदबाईंना सांगितली.

२१ जानेवारी

दोन पुस्तकं संपवली. अक्काचं ऐकणं भारी तिखट झालं आहे. आज वाचताना म्हणाली, “अरे, दोन पानं एकदम उलटलीस.”

“तुला कसं कळलं?”

“कानाने.”

डोळे अधू झाले की कान तीक्ष्ण होतात, हे मी ऐकून होतो.

२४ जानेवारी

संताप! सज्जन नायकाचं पुस्तक पुन्हा फळीवर आलं होतं. सहज शेवटचा कागद पाहिला. माझ्या अभिप्रायाखाली कुणीतरी हिरव्या शाईत लिहिलंय:

“वरील वाचकाने चहावर झाकण ठेवावे. सज्जनपणाला हसणाऱ्या माणसाला त्याचा अनुभव नसावा. पुस्तक दोन कपांचे आहे. फक्त शेवट लवकर तोडला. शेवट जरा ओढायला हवा होता.”

अक्षर टपोरं आणि शिस्तीचं. मी घरी येऊन अक्काला सांगितलं की हा नक्की कुणी निवृत्त हेडमास्तर असणार. कानात केस, हातात छत्री, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत हिरव्या शाईने चुका काढलेल्या.

अक्काला ठसका लागला. पाणी दिलं तरी थांबेना.

“हेडमास्तर म्हणे!” ती डोळे पुसत म्हणाली. ऑपरेशनच्या डोळ्याला ताण नको म्हणून मी विषय बदलला.

२९ जानेवारी

हेडमास्तरांचं आणि माझं युद्ध पेटलं आहे. मी परत केलेलं प्रत्येक पुस्तक हा गृहस्थ लगेच नेतो आणि माझ्या खाली हिरवं लिहितो. मी लिहिलं, “राजकन्येने तटावरून उडी मारण्यापूर्वी तीन पाने भाषण केले, तोवर शत्रूसुद्धा बसून घेतो.” त्याने लिहिलं, “जिला आयुष्यभर कुणी बोलू दिले नाही, ती तीन पाने तरी बोलेलच. ऐकणाऱ्याने कुरकुर करू नये.”

मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. बरोबर होतं ते.

आणखी एक. वाचनालयातल्या बाया आता मला विचारायला लागल्या आहेत. आज औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, “काका, मला रडायचंय, पण शेवटी हसायचंय. काय नेऊ?” मी क्षणभरही विचार न करता फळीवरून पुस्तक काढून दिलं. चाळीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात नकाशे काढले. जमिनीखालून पाणी कुठून कुठे जातं ते निळ्या रेषांनी दाखवायचो. ते नकाशे कुणी मला कधी प्रेमाने मागितले नव्हते.

१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी अक्काचा डोळा तपासला. खूश झाल्या. मला म्हणाल्या, “आता त्या केव्हाही घरी जाऊ शकतात.” मला त्यांचा राग आला. बाईंचा काय दोष?

संध्याकाळी भाचीचा फोन. “मामा, आईला कधी पाठवतोस? नातवंडं वाट बघतायत.”

अक्काने फोन घेतला. “हातातलं पुस्तक संपलं की निघते.”

बाबांचा नियमच होता तो. अर्धवट वाचलेलं पुस्तक टाकून या घरातून कुणी बाहेर पडायचं नाही. अक्काच्या लग्नात वऱ्हाड दारात खोळंबलं होतं, कारण तिची सहा पानं राहिली होती. बाबा खुर्ची टाकून पाहुण्यांसमोर बसले आणि म्हणाले, “येईल, येईल. जरा प्रकरण संपू द्या.”

मी आतल्या खोलीत जाऊन हातातलं पुस्तक पाहिलं. बारकं होतं. फार तर दोन दिवसांचं.

अक्का गेली की घरात काय उरेल, याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तोच विचार करत बसलो. ती येण्याआधी मी संध्याकाळी रेडिओ लावायचो, ऐकायला नव्हे, कुणीतरी बोलावं म्हणून. महिनाभर रेडिओला हातही लागला नाही. त्याच्यावर धूळ बसली आहे आणि ती पुसायची मला भीती वाटते.

२ फेब्रुवारी

वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभा होतो. फळीवरची पुस्तकं एकेक हातात घेऊन पाहिली.

“काका, पुस्तक वजनावर निवडताय का?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“जाडजूड काही आहे?”

त्यांनी सगळ्यात वरून एक काढून दिलं. बुरुजावरची दिवटी, भाग पहिला. त्यापेक्षा वीट हलकी. बारीक टाइप, समास नाहीत. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

अक्काने ते हातात घेऊन तोललं. काळ्या चष्म्यामागून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तोंड माझ्याकडे केलं. “फार दिवस पुरेल हे.”

“तू सांगशील तितकं सावकाश वाचीन. तुझ्या डोळ्यांना दगदग नको.”

“वाचणार तू, दगदग माझ्या डोळ्यांना?”

९ फेब्रुवारी

दिवटी काय पुस्तक आहे! किल्ल्यावर दिवट्या पेटवणाऱ्या म्हाताऱ्याची लेक आणि एक जासूद. तो संध्याकाळी निघतो तेव्हा ती एक दिवटी जास्त लावते, एवढंच. दोघं बोलत नाहीत. शंभर पानं झाली, दोघं बोलत नाहीत, आणि मला घास जात नाही.

मी सावकाश वाचायचं ठरवलं होतं. तसं वाचवत नाही. दिवसाला दहा पानांचा बेत होता, आज चाळीस झाली. अक्का म्हणते, “अरे हळू, घसा बसेल.” मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे कळतं. पण जासूद दरीत एकटा आहे.

तीन कप निवले.

अक्काने ऐकता ऐकता माझ्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला. सवय ती सवय.

१४ फेब्रुवारी

दुपारी घरी आलो तर अक्का फोनवर हसत होती. मला पाहून फोन ठेवला.

“कोण होतं?”

“राँग नंबर.”

बाहेरून माझी चप्पल वाजल्यापासून मी जिना चढेपर्यंत ती बोलतच होती. लोकांना राँग नंबरशी इतकं काय बोलायचं असतं?

मग उगाचच म्हणाली, “तुला शेपटी आठवते का रे?”

मी म्हटलं, “असेल कुठेतरी. पणजीसुद्धा झाली असेल.”

“लग्नच नाही केलं तिने. भावंडांचं करता करता राहून गेलं. शाळेत शिकवायची. आता या गावात राहायला आली आहे म्हणे, डोंगराकडच्या रस्त्यावर.”

माझ्या हातातून भांडं निसटलं. ओला होता हात.

“भेटायचंय?” अक्काने विचारलं.

मी खूप वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हटलं, “नको. तो आवाज आहे तसा राहू दे.”

“ढगोबा,” अक्का म्हणाली, “ढगसुद्धा कधीतरी खाली येतात रे.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला कशाचा राग आला ते मला समजलं नाही.

१८ फेब्रुवारी

पहिला भाग संपला. संपला कसला, तोडला! शत्रू दाराशी आहे. अंधारात एक घोडेस्वार दिसतो. तो जासूद असेल तर दिवटी उंच धरायची, शत्रू असेल तर विझवायची. लेक बुरुजावर उभी आहे. तिचा हात हलतो. आणि पुठ्ठा!

मी तसाच वाचनालयात गेलो. “दुसरा भाग कुणाकडे आहे?”

ग्रंथपालबाईंनी नाक खाजवलं. “काका, एक घोटाळा झालाय. तुमचे ते हिरवी शाई आहेत ना, त्यांनी चुकून आधी दुसराच भाग नेला. पूर्ण वाचला. आता पहिला मागतायत.”

“मग आधी दुसरा परत करायला सांगा.”

“तेही तेच म्हणतायत. तुम्ही आधी पहिला परत करा म्हणून. मी त्यांचा निरोप ठेवलाय, हा बघा.” चिठ्ठी हिरवी. “मला शेवट ठाऊक आहे, पण हा माणूस मुळात कोण, कुठून आला, आणि ती एक दिवटी जास्त का लावते, हे माहीत नाही. शेवट ठाऊक असून सुरुवात ठाऊक नसणे फार वाईट. पहिला भाग मिळाल्याशिवाय दुसरा देणार नाही.”

मी तिथेच उत्तर लिहिलं. “सुरुवात ठाऊक असून शेवट ठाऊक नसणे अधिक वाईट. प्रथम तुम्ही.”

परत येताना बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू? हेडमास्तर हटवादी आहे. मीही आहे. दुसरा भाग येत नाही तोवर कादंबरी अर्धवट, आणि कादंबरी अर्धवट तोवर अक्का इथेच. बाबांचा नियम आहे.

२० फेब्रुवारी

अक्काने बॅग भरायला घेतली!

“पुस्तक अर्धवट आहे,” मी म्हटलं.

“पुठ्ठा आला की पुस्तक संपलं. बाबा तसंच धरायचे.”

“बाबा कधीच असं म्हणाले नव्हते.”

“तू तेव्हा ढगात होतास.”

मी वाद घातला. भाग म्हणजे पुस्तक नव्हे, पाय म्हणजे माणूस नव्हे, वगैरे. अक्का साड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, “अरे, माझं घर आहे, लेक आहे. किती दिवस तुझ्या चहाला झाकण ठेवू?” रविवारची गाडी ठरवली आहे.

मग जवळ येऊन बसली. “मी गेल्यावर तू कुणाला वाचून दाखवणार?”

मी म्हटलं, मनात वाचीन.

“मनात वाचलेला चहा कधी निवत नाही,” अक्का म्हणाली. असल्या वाक्याला काही अर्थ नाही. तरी मला ते दिवसभर टोचत राहिलं.

२२ फेब्रुवारी

आज एक गोष्ट केली. शहाणपणाची की वेडेपणाची, देव जाणे.

सकाळी पहिला भाग पुन्हा उघडला. जासुदाच्या पहिल्या प्रवासाचं पान आलं, ती पहिल्यांदा जास्तीची दिवटी लावते ते. आणि मनात आलं, हेडमास्तर बिचारा हे वाचलेलाच नाही. शेवट गाठूनसुद्धा त्याला ठाऊक नाही की ती दिवटी कशासाठी होती. मी ते पुस्तक का अडवून बसलो आहे? अक्का तर चाललीच आहे. आता अडवून कुणाला थांबवणार?

शेवटच्या कागदावर लिहिलं:

“चार कप. पुस्तकाबद्दल एवढेच. हिरव्या शाईच्या वाचकांस: हा भाग मी हट्टाने ठेवून घेतला होता. पुस्तक अर्धे राहिले तर माझी बहीण थांबेल असे वाटले. ती उद्या सकाळी निघते. तिला मी वाचून दाखवत असे. आता दुसरा भाग आला काय, न आला काय, मोठ्याने वाचायला माणूस नाही. तुम्ही सुरुवातीपासून वाचा. एक दिवटी जास्त का लावते ते तुम्हाला कळेल. मला लिहून मात्र कळवू नका की शेवटी तिने हात वर केला की खाली. काही गोष्टी ऐकायच्या असतात.”

ग्रंथपालबाईंनी उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बुरुजावर उभा आहे.

“काका, पत्ता तोच ना तुमचा, जुना?”

“पत्ता कशाला?”

“सभासदांच्या यादीत दुरुस्ती चाललीय,” त्या म्हणाल्या आणि लगेच फोन उचलला. कामसू बाई आहेत.

घरी येऊन रेडिओवरची धूळ पुसली.

२३ फेब्रुवारी, रविवार

अक्काची बॅग दाराशी आहे. गाडी यायची आहे. ती काळा चष्मा लावून खुर्चीत बसली आहे, पायात चपला घालून. मी टेबलाशी बसून हे लिहितो आहे, कारण तिच्याकडे पाहत बसलो तर जड जाईल.

“काय लिहितोस रे इतकं?”

“हिशेब,” मी म्हटलं.

“हिशेबाला कुणी इतके उसासे टाकत नाही. आणि तो शब्द चुकलाय, वरून तिसरी ओळ.”

मी पाहिलं. खरंच चुकला होता. खुर्ची टेबलापासून चांगली लांब आहे. हे कानाने कसं कळलं, ते विचारायचं होतं, एवढ्यात दार वाजलं.

गाडीवाला असणार. “आलो, आलो,” मी म्हटलं, पण उठलो नाही. एक ओळ पुरी करावी म्हटलं. आणखी एक. जितक्या ओळी, तितका वेळ अक्का घरात.

“गाडी मी उद्यावर ढकलली आहे,” अक्का म्हणाली.

“मग दारात कोण आहे?”

अक्का चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसली.

दाराच्या फळीपलीकडून कुणीतरी घसा साफ केला. बाईमाणसाचा आवाज. वय झालेला, जरा दमलेला, जिना चढून आल्यासारखा. “पहिला भाग रात्रीत वाचून काढला. दिवटीचं कळलं मला. दुसरा बरोबर आणलाय, वाचून दाखवायला. आत येऊ का मीऽऽऽ?”

मी पेन धरून तसाच आहे. सगळं थांबलं आणि तो एकटा आवाज थांबला नाही. माझ्या हातावर काटा आला आहे, तो या कागदालाही लागत असेल.

“ओढ गं, हवं तेवढं ओढ, शेपटे!” अक्का ओरडली. “मास्तर गेले कधीच!”

पलीकडे हसू फुटलं. मी अक्काकडे पाहिलं. तिने काळा चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि आंधळ्यासारखे दोन्ही हात पुढे केले.

“मला मेलीला काही दिसत नाही,” ती म्हणाली. “दार तुलाच उघडावं लागेल.”